एक स्टेडियन म्हणजे नेमके किती मीटर? वावरात आखायचंय

खडूफळा (आर्णी तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला इतिहास-भूगोल शिकवतो. यंदा क्रीडा सप्ताहात एक शर्यत जुन्या ऑलिम्पिकसारखी घ्यायची, असं वर्गात बोलून बसलो आणि आता पोट्टे पिच्छा सोडत नाहीत. ऑलिम्पियाची सगळ्यात जुनी शर्यत एका स्टेडियनची (ग्रीकांचं अंतराचं माप), सरळ रेषेत. इ.स.पू. ७७६ चा पहिला नोंदलेला विजेता कोरोइबस, एलिसचा, धंद्याने स्वयंपाकी. हे ऐकल्यापासून पोट्टे म्हणतात की खिचडीवाल्या मावशींनाही पळवा.

अडचण अंतराची आहे. एकीकडे १८५ मीटर लिहिलंय, दुसरीकडे १९२, तिसरीकडे १५७.५. स्टेडियन म्हणजे ६०० फूट यावर सगळ्यांचं एकमत. पण आपला ३०.४८ सेंटिमीटरचा फूट धरून गुणलं तर १८२.८८ येतात, आणि तो आकडा कुणीच देत नाही! शाळेचं मैदान कुंपण ते कुंपण दीडशे मीटरही भरत नाही. शेजारच्या वावरातला हरभरा निघाला की मालक जागा द्यायला तयार आहे, पण किती लांब वखरून सपाट करू ते आधी सांगा म्हणतो.

शिवाय रोमन मैल, रोमन फूट, ज्युगेरम (रोमन शेतजमिनीचं माप) वगैरेंचा एक तक्ता करून वर्गात लावायचा आहे. प्रत्येकासमोर एकच आकडा लिहिता येईल असं काही सांगा.

---

फटाफट

१ स्टेडियन = १८५ मीटर. १ रोमन मैल = १४८० मीटर. लावा तक्ता. एवढा काय विचार करता सर.

---

जुनी_साखळी (दारव्हा)

फटाफट भाऊ, तुमचा १८५ खोटा नाही, पण तो रोमचा हिशेब आहे आणि गुरुजींची शर्यत ऑलिम्पियाची आहे.

मी भूमी अभिलेखात मोजणीला होतो. उभी नोकरी धुरे आणि बांध मोजण्यात गेली, आता नातवंडांच्या मोबाइलवर जुन्या मापांचं वाचत बसतो. आपल्या वऱ्हाडात जुनी मोजणी मुंबई पद्धतीची. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, आणि एक साखळी चौरस म्हणजे एक गुंठा. वर्धा नदी ओलांडून जुन्या मध्यप्रांतात गेलं की साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची, आणि एकराचे डिसिमल (शंभरावे भाग). एखाद्या जुन्या कागदावर नुसतं ‘लांबी दहा साखळ्या’ लिहिलेलं असलं तर मी आधी विचारणार, बाप्पा, कागद नदीच्या कोणत्या काठचा? स्टेडियनचंही तसंच. ज्यानं लिहिलं तो कुठला आणि कशासाठी मोजत होता, हे कळल्याशिवाय मीटरकडे जायचंच नाही.

ग्रीकांकडे आपसातलं नातं पक्कं होतं. १६ बोटांचा एक फूट. चार बोटांचा तळवा, १२ बोटांची वीत, २४ बोटांचा हात. सहा फुटांची ओर्गिया, म्हणजे दोन्ही हात पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत, आपण विहिरीची खोली परसात सांगतो तेवढीच. शंभर फुटांचं प्लेथ्रॉन, सहाशेंचं स्टेडियन. यात वाद नाही. वाद खाली, फुटात आहे. प्रत्येक शहराचा फूट वेगळा होता. कुठे साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास, कुठे बत्तीसच्या वर.

आता जमिनीवर काय सापडलं ते पाहा. ऑलिम्पियाच्या मैदानात सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन्ही दगडी पट्ट्या जागेवर आहेत. पट्टीत पायाची बोटं अडकवायला खाचा आहेत. दोन पट्ट्यांमधलं अंतर १९२.२७ मीटर. ग्रीसमधल्याच एपिडॉरसच्या मैदानात तेच अंतर १८१.३. डेल्फीत साडेसत्त्याहत्तरावर शंभर, म्हणजे १७७.५ च्या जवळ. तिन्ही ठिकाणी ‘सहाशे फूट’च. भागून पाहा. ऑलिम्पियाचा फूट ३२ सेंटिमीटरचा निघतो, एपिडॉरसचा ३०.२, डेल्फीचा २९.६.

हा फरक त्या लोकांनाही दिसत होता. ऑलस गेलियस नावाच्या रोमन लेखकानं एक गोठ सांगितली आहे. ऑलिम्पियाचं मैदान खुद्द हेराक्लीज या दंतकथेतल्या वीरानं स्वतःच्या पावलानं सहाशे पावलं मोजून आखलं अशी समजूत होती. पायथागोरसनं हिशेब मांडला, की बाकीची मैदानंही सहाशे पावलांचीच आहेत, तरी हे लांब भरतं, त्या अर्थी हेराक्लीजचं पाऊल इतरांपेक्षा त्या प्रमाणात मोठं. मग पावलावरून उंची काढली. खरं-खोटं सोडा, गुरुजी, पण सातवीच्या त्रैराशिकाला यापेक्षा चांगलं गणित मिळणार नाही.

१८५ येतो तो असा. प्लिनी या रोमन लेखकानं लिहून ठेवलं की एक स्टेडियन म्हणजे आमचे ६२५ फूट. रोमन फूट २९.६ सेंटिमीटर, म्हणून १८५ मीटर. आठ स्टेडियांचा (स्टेडिया हे स्टेडियनचं अनेकवचन) एक रोमन मैल ही सोयीची जोडणी आहे. तीसुद्धा सगळ्यांना मान्य नव्हती. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की बहुतेक लोक मैलाला आठ धरतात, पण इतिहासकार पॉलिबियस वर दोन प्लेथ्रा (दोनशे फूट) मिळवतो, म्हणजे आठ आणि एक तृतीयांश. तसं केलं तर स्टेडियन १७७.६ वर येतं, डेल्फीच्या शेजारी.

तेव्हा शर्यतीला १९२.२७ घ्या. ३३ फुटांच्या १९ साखळ्या आणि वर जवळपास चार फूट.

---

खडूफळा

काका, मन भरलं. १९२.२७ पक्कं. पण १५७.५ कुठून आला? तो पृथ्वीचा घेर मोजण्याच्या धड्यात वापरलेला दिसला, आणि तिथे तर उत्तर अगदी बरोबर येतं. बरोबर येतं म्हणून तो खरा, असं धरायचं का?

---

हिंगणघाटी

याचं उत्तर मी देतो, विज्ञान शिकवतो म्हणून.

एराटोस्थेनिस हा अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख, इ.स.पू. तिसरं शतक. उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी भर दुपारी सायनीला, म्हणजे आजच्या आस्वानला, सावली पडत नाही, आणि अलेक्झांड्रियात त्याच वेळी ती वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा कोन दाखवते. दोन गावांतलं अंतर ५,००० स्टेडिया. म्हणून घेर २,५०,००० स्टेडिया. पुढे त्याचे २,५२,००० केले, म्हणजे एका अंशाला सरळ ७०० येतात.

आता १८५ नं गुणा, २,५०,००० चे ४६,२५० किलोमीटर होतात. १५७.५ नं गुणा, ३९,३७५. ध्रुवांवरून जाणारा खरा घेर ४०,००८ किलोमीटर. साहजिकच सगळ्यांना १५७.५ आवडतो.

पण तो मोजपट्टीवर सापडलेला नाही, हिशेबानं काढलेला आहे. प्लिनी म्हणतो की एराटोस्थेनिसच्या मते एक स्खोइनोस (इजिप्तचं लांब अंतराचं माप) म्हणजे ४० स्टेडिया. एकोणिसाव्या शतकात हुल्श नावाच्या जर्मन विद्वानानं असं धरलं की स्खोइनोस म्हणजे १२,००० राजहात (इजिप्तचा सरकारी हात), राजहात साडेबावन्न सेंटिमीटरचा. झाले ६,३०० मीटर, भागिले ४०, आले १५७.५. पण ग्रीक इतिहासकार हेरोडोटस तोच स्खोइनोस ६० स्टेडियांचा सांगतो, आणि तो गावोगाव बदलतो हे स्ट्रॅबोनंही नोंदवलंय. उत्तर छान यावं म्हणून माप निवडायचं आणि मग उत्तर छान आलं म्हणून टाळ्या वाजवायच्या, हे विज्ञानात चालत नाही, सर. अनेक अभ्यासक हा आकडा मानतच नाहीत.

दुसरं, ती ५,००० ही गोल संख्या आहे, आणि ती दोन गावं एकमेकांच्या सरळ उत्तर-दक्षिणेला नाहीत, रेखांशात सुमारे तीन अंशांचा फरक आहे. आपल्याकडे करून पाहा. नागपूर आणि हैदराबाद अक्षांशात पावणेचार अंशांनी वेगळे, म्हणजे उत्तर-दक्षिण अंतर ४१६ किलोमीटरच्या आसपास. पण ट्रकवाल्याला विचारलं तर तो पाचशे सांगेल, कारण तो रस्ता मोजतो. रस्त्याचं अंतर घेऊन पृथ्वी मोजली तर ती फुगणारच.

शून्य सावलीचा प्रयोग आपल्या भागातही होतो, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत आपण. मेच्या चौथ्या आठवड्यात दिवस येतो, तेव्हा शाळेला सुट्ट्या. जुलैत सूर्य परत डोक्यावरून जातो, तेव्हा आभाळ. नशीबच तसं.

आमच्या गावाचा एक अभिमान सांगून थांबतो. भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ ला इथे हिंगणघाटला वारला, त्याची कबर इथे आहे. त्याच्याकडे शंभर फुटी पोलादी साखळ्या दोन होत्या. एक मोजायला, दुसरी नुसती पहिलीशी ताडून पाहायला. साखळी लाकडी पेट्यांत टाकून, शेजारी थर्मामीटर ठेवून मोजायचा.

---

जुनी_साखळी (दारव्हा)

थर्मामीटरचं काढलं ते बरं केलं सर. गुरुजी, तुमची ३० मीटरची पोलादी टेप २० अंशांना बरोबर असते. आपल्या ४५ अंशांच्या उन्हात ती नऊ मिलिमीटर वाढते. सात वेळा टेप टाकली की स्टेडियनला पाच-सहा सेंटिमीटरचा फरक. फायबरची टेप असेल तर उन्हापेक्षा ओढण्याचा फरक जास्त. हरभरा निघतो तेव्हा ऊन एवढं नसतं म्हणा, पण सकाळी मोजा. आणि टेप ढेकळांवरून नेऊ नका. ती खालीवर होते आणि तेवढं अंतर फुकट मोजलं जातं.

हे सांगण्याचं कारण तक्ता. काही तक्त्यांत मी ‘१ रोमन फूट = २९.५७३६ सेंटिमीटर’ असले आकडे पाहिले. चार दशांश स्थळं! ज्या माणसाच्या फूटपट्ट्याच एकमेकांशी मिलिमीटरनं जुळत नाहीत, त्याच्या फुटाला केसाच्या जाडीहून बारीक आकडा लावायचा कायले? रोमन फूटपट्ट्या खरोखरच्या सापडल्यात, काशाच्या, घडीच्यासुद्धा. त्या साडेएकोणतीसच्या आसपास खालीवर होतात. २९.६ लिहा, फार झालं.

---

अभ्यासिका_अमरावती

काका, माझाही एक प्रश्न. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये ग्रीक वकील मेगॅस्थेनिसनं सांगितलेलं पाटलीपुत्र आहे, लांबी ८० स्टेडिया, रुंदी १५. यात १९२ घ्यायचं की १८५? आणि हेरोडोटसचा सार्डिस ते सुसा हा राजमार्ग १३,५०० स्टेडिया, त्याचं?

---

जुनी_साखळी (दारव्हा)

बाई असाल तर ताई, नाहीतर भाऊ. पाटलीपुत्राला १८५ लावा आणि ‘सुमारे’ लिहा. लांबी पावणेपंधरा किलोमीटर, रुंदी पावणेतीन. १९२ लावली तर लांबी सव्वापंधरा. ऐंशी आणि पंधरा हे आकडेच गोल आहेत, तिथे ऑलिम्पियाचे सत्तावीस सेंटिमीटर चिकटवून काय उपयोग? परीक्षेत किलोमीटर विचारत नाहीत, ८० आणि १५ विचारतात.

राजमार्गाचं गणित हेरोडोटसनंच उघडं ठेवलंय. ४५० परासांग, एकेका परासांगाचे ३० स्टेडिया, म्हणून १३,५००. रोज १५० स्टेडिया चाललं की ९० दिवस. दीडशे गुणिले १८५ म्हणजे दिवसाला पावणेअठ्ठावीस किलोमीटर, पायी चालणाऱ्याला होणारी मजल. म्हणजे हा आकडा दोरीचा नाही, बहुतेक चालीचा आहे. परासांग हे इराणी माप, त्याचं ‘तीस’ हे ग्रीकांनी आपल्या सोयीसाठी लावलेलं. एकूण अडीच हजार किलोमीटर लिहा.

---

खडूफळा

आणि ज्युगेरम? आमच्या भागात शेतीचीच भाषा कळते, म्हणून तक्त्यात तोच मोठ्या अक्षरांत लिहायचाय.

---

जुनी_साखळी (दारव्हा)

हे माझं आवडतं.

रोमन शेतमोजणीचं मूळ माप आक्तुस, १२० फूट, साडेपस्तीस मीटर. प्लिनी सांगतो की बैलांची जोडी नांगराला जुंपली की एका दमात जेवढं तास ओढते तेवढं हे अंतर. मग बैल वळवायचे. आक्तुस चौरस दोन जोडले की २४० बाय १२० फुटांचं ज्युगेरम, एका जोडीची दिवसाची नांगरट. मीटरमध्ये २,५२३ चौरस मीटर. आता गुंठ्यात करा, एक गुंठा १०१.१७ चौरस मीटर. २४.९४ येतं. पंचवीस गुंठे, राजेहो! सातबाऱ्याच्या भाषेत सव्वापंचवीस आर. पोट्ट्यांना सांगा की रोमचा शेतकरी दिवसाला पंचवीस गुंठे नांगरायचा, घरी जाऊन आजोबांना विचारा लाकडी नांगरानं किती व्हायचं.

रोमन लेखक व्हारो लिहितो की रोमचा पहिला राजा मानलेल्या रोम्युलसनं माणशी दोन ज्युगेरा वाटले. पन्नास गुंठे, सव्वा एकर. एवढ्यात कुटुंब जगलं असेल यावर माझा विश्वास नाही, सामाईक चराई असल्याशिवाय.

पुढे नव्या वसाहती आखताना २० आक्तुस बाय २० आक्तुसचे चौकोन पाडायचे, २,४०० फुटांची बाजू, ७१० मीटर. इटलीत पो नदीच्या खोऱ्यात ही चौकट रस्त्यांत आणि बांधांत अजून दिसते, विमानातून काढलेल्या फोटोत तर स्पष्टच. रोमन फूट २९.६ हे तपासायचा चांगला पुरावा तो. एकेका चौकोनापेक्षा ओळीनं दहा-वीस चौकोन मोजून भागलं की चूक विरून जाते. काटकोन काढायला त्यांचं यंत्र ग्रोमा. उभ्या काठीवर आडवी फुली आणि फुलीच्या चार टोकांना ओळंबे. आमच्या क्रॉस स्टाफचा खापरपणजोबा. वाऱ्यात दोऱ्या हलत राहतात अशी तक्रार अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं तेव्हाच करून ठेवली आहे. उन्हाळ्यात वावरात ओळंबा धरलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

एक खबरदारी. जर्मनीकडच्या प्रांतात तुंग्री लोकांमध्ये दुसरा फूट चालायचा, सोळाऐवजी अठरा बोटांचा, ३३.३ सेंटिमीटर. म्हणजे रोमन राज्यातही सगळीकडे एकच माप नव्हतं. तक्त्यावर ‘रोम शहराचा फूट’ असं लिहा.

मैल सोपा. पासुस म्हणजे पाच फूट, १.४८ मीटर. पण ती दोन पावलं आहेत, उजवा पाय पडला की पुन्हा उजवा पडेपर्यंत. अशा हजार जोड्या म्हणजे मैल. ‘पासुस म्हणजे पाऊल’ एवढंच लिहिलं तर पोट्टे दीड मीटरच्या उड्या मारत सुटतील.

आणि जमलं तर हे करा. व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकारानं अंतर मोजायची गाडी सांगितली आहे. चाकाचा घेर साडेबारा फूट, चारशे फेरे झाले की पाच हजार फूट, म्हणजे एक मैल, आणि दर मैलाला दातेरी चाकांनी फिरवलेल्या पेटीतून एक खडा भांड्यात टणकन पडतो. साडेबारा रोमन फूट म्हणजे ३.७० मीटर घेर, व्यास चार फुटांच्या आत. आपल्या बंडीचं चाक जवळपास तेवढंच. चाकाच्या धावेवर चुन्याचा एक पट्टा मारा, बंडी पांदणीनं ढकला, एक पोट्टा फेरे मोजेल, एक वहीत लिहील. आधी त्याच चाकाचा घेर सुतळीनं मोजून घ्या, पुस्तकातला घेऊ नका.

---

फटाफट

काका, मी १८५ म्हटलं त्यावर एवढं पुराण झालं 😄 तक्त्यात शेवटी लिहायचं काय ते सांगा की.

---

जुनी_साखळी (दारव्हा)

चार ओळी. रोम शहराचा फूट २९.६ सेंटिमीटर. रोमन मैल १.४८ किलोमीटर. ज्युगेरम पंचवीस गुंठे. आणि स्टेडियनसमोर दोन आकडे, ‘ऑलिम्पियात १९२ मीटर, प्रवासवर्णनांत सुमारे १८५’. एकच आकडा हवा होता गुरुजींना, पण इथे एक लिहिला तर पोट्टे तोच एराटोस्थेनिसलाही लावतील.

---

खडूफळा

करतो तसंच. वावराच्या मालकाला १९३ मीटर सांगतो मग.

---

जुनी_साखळी (दारव्हा)

२१५ सांगा. १९२.२७ ला रेषा, पण पोट्टा रेषेवर थांबत नसतो, वीस मीटर तरी पुढे जातो. आणि रेषेपलीकडे लगेच धुरा असला तर त्यावरच्या बाभळीचे काटे आधी वेचून घ्या, पोट्टे अनवाणी पळणार.